होडी म्हणजे रांग नव्हे

"होडी दिसते आहे, साहेब. पण मतदार अजून पाण्यात आहेत," मी फोनवर सेक्टर ऑफिसरांना सांगितले. अनेक मतदान केंद्रांवर देखरेख ठेवणारे हे अधिकारी अर्नाळ्यात होते आणि मी समोरच्या किल्ल्याच्या बेटावरील काठालगतच्या शाळेत.

"होडी म्हणजे रांग नव्हे, गुरुजी. सहा वाजता फाटकाच्या आत असेल, तोच मतदार."

त्यांचे बरोबर होते. एरवी मी गोखिवऱ्यात गणित शिकवतो. त्या दिवशी केंद्राध्यक्ष, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख होतो. वेळ संपताना आवारात जे उभे असतात, त्यांना केंद्राध्यक्ष आपल्या सहीच्या चिठ्ठ्या देतो. वाटप रांगेच्या शेपटापासून सुरू होते, म्हणजे मागून कोणी शिरू शकत नाही. ज्याच्या हाती चिठ्ठी, त्याचे मत कितीही उशीर झाला तरी घेतलेच पाहिजे.

होडीत बेटावरच्या मासे विकणाऱ्या बायका होत्या. पहाटे तुळिंजच्या बाजारात गेलेल्या. दुपारी परतून मत द्यायचे ठरवलेल्या. दुपारी वारा सुटला आणि प्रवासी होड्या बंद झाल्या. तेव्हा काशिनाथ तांडेलांनी त्यांना आणण्यासाठी स्वतःची मासेमारीची होडी काढली. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख.

लाटांमुळे होडी काठाला लागेना. बायका छातीभर पाण्यात उतरू लागल्या. मत देऊन झालेल्या गावकऱ्यांनी हाताला हात धरून पाण्यात साखळी केली होती. एक लाट सगळ्यांच्या डोक्यावरून गेली. मी डोकी मोजली आणि पुन्हा मोजली.

"पाट्या सोडा गं!" कोणीतरी ओरडले.

"सोडल्या कवाच्या! हात दे, भाषन नको!"

पहिल्या थकूआजी फाटकातून आत आल्या. पदरातून पाणी निथळत होते. "गुरुजी, भिजलेलं बोट चालतं ना?"

"पुसून घेऊ, आजी. शाईला कोरडे बोट लागते."

एकेक करत सगळ्या आत आल्या आणि सहाला थोडी मिनिटे उरली असताना मी चिठ्ठ्या वाटल्या. तांडेलांची पत्नी हिराबाई मात्र चिठ्ठी घेऊन पुन्हा फाटकाकडे निघाल्या. तांडेल अजून होडीतच होते आणि त्यांचेही मत बाकी होते. काठावरची माणसे दोर मागत होती, पण लाटांत सापडलेली होडी तांडेल दुसऱ्याच्या हाती देत नाही. आधी माणसे उतरवायची, मग होडी खडकांपासून दूर नेऊन नांगरायची, आणि सर्वांत शेवटी आपण उतरायचे, असा तिथला शिरस्ता.

"मी होडी धरते. त्यांना आत घ्या," हिराबाई म्हणाल्या.

"बाहेर गेलात, तर चिठ्ठी असूनही सहानंतर मला तुम्हाला आत घेता येणार नाही."

तिला बाहेर येताना पाहून होडीतून तांडेल ओरडले, "तू बस आत! दोघांचं घालवतेस काय?"

हिराबाई थांबल्या. सहा वाजले. माझ्या सूचनेवरून पोलिसाने फाटक लावले.

तांडेल आले तेव्हा धापा टाकत होते. गजांना धरून त्यांनी विचारले, "झालं बंद?"

"हो."

"बायकांचं?"

"सगळ्यांना चिठ्ठ्या मिळाल्या."

"मंग बरं."

आतून हिराबाई कडाडल्या, "होडी सोडवत नवती! ती काय तुजी बायको हाय?"

"बायकोला पोवता येतं. होडीला नाय येत."

सगळे हसले. पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवारांचे प्रतिनिधी, तेही हसले. त्यांतल्या एकाने माझ्याकडे पाहिले. मी फाटक उघडले नाही. उघडले असते, तर तक्रार झाली असती आणि त्या बायकांच्या मतांवरही वाद ओढवला असता. तांडेलांनी मला तशी विनंती केली नाही. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

अंधार पडेपर्यंत मतदान चालले. ओल्या लुगड्यांत कुडकुडत सर्वांनी मते दिली आणि कोणीही हरकत घेतली नाही. तांडेल शेवटपर्यंत फाटकाबाहेर बसून होते.

प्रशिक्षणात नव्या केंद्राध्यक्षांना मी एवढेच सांगतो: फाटक वेळेवर लावा, पण लावताना बाहेर कोण राहिले आणि कोणामुळे बाकीचे आत आले, हे एकदा नीट पाहून घ्या.