गवताच्या पेटीतलं वजन

आमची म्हैस तलासरीला नणंदेकडे जाणार, हे नवऱ्याने दिवाळीतच जाहीर केलं. वर्षाचं गवत गोठ्यावरच्या माळ्यात मावत नाही, बाहेर रचलं की अवकाळी पावसात कुजतं आणि मग उन्हाळ्यात विकतच्या पेंढ्यामागे धावायचं. "सगळं गवत माळ्यात बसवून दाखवा, म्हैस राहील," तो म्हणाला. सासूबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. म्हैस त्यांनी पारडी असल्यापासून वाढवलेली.

तिसऱ्या दिवशी त्या वाणगावला गेल्या आणि बंद पडलेल्या गवताच्या वखारीतली, गवत दाबून गासड्या बांधायची जुनी हातपेटी टेम्पोत घालून घेऊन आल्या. माणूस उभा मावेल एवढी लाकडी पेटी, वर लोखंडी झाकण आणि ते दाबायला लांब दांडा. दांड्याची खीळच गायब होती. तिथे नवऱ्याने कुरकुरत ट्रॅक्टरचा बोल्ट ठोकला, तरी दांडा अर्ध्यावरच अडायचा. म्हणजे आधी कोणीतरी आत उतरून गवत तुडवायला हवं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं माझ्या ताटातल्या भातावर डोळा ठेवणारी ही बाई! "उतर," त्या म्हणाल्या, "पण आधी दोन भाकऱ्या खाऊन घे. आज तुझ्या वजनाचं काम आहे."

मी उतरले. पहिली उडी मारली आणि अंगात काय वारं शिरलं, देव जाणे! कुसळं परकरात, धूळ नाकात, आणि सासूबाई वरून गवत लोटत ओरडतायत, "हं, मार! अजून मार!" मी बाहेर आले की नवरा दांड्याला लोंबकळायचा, सासूबाई फटीतून सुतळी ओवून करकचून गाठ मारायच्या, आणि बाजूचं दार उघडलं की टणक चौकोनी गासडी बाहेर. दुपारपर्यंत आम्हाला हसू आवरेना. एकदा दांडा निसटून नवरा गवतात उताणा पडला, तेव्हा म्हैससुद्धा रवंथ थांबवून बघत राहिली. इतकी हलकी मी लग्नाआधीही नव्हते.

संध्याकाळी माळा शिगोशीग भरला आणि एक गासडी खाली उरली. आडवी घातली, तिरकी घातली, खांद्याने रेटली, पण बसेना. नवरा कपाळ पुसत म्हणाला, "सगळं बसवायचं ठरलं होतं, आई." आवाजात जोर नव्हता, पण म्हणाला खरा.

सासूबाईंनी विळा घेतला, सुतळी कापली आणि अख्खी गासडी म्हशीपुढे ढकलली.

"हे तिचं आजचं जेवण. जेवण कोणी माळ्यावर ठेवतं का?"

म्हशीने गवतात तोंड खुपसलं. नवऱ्याने खिशातून फोन काढला.

"ताई," तो म्हणाला, "टेम्पो पाठवू नको."