गाद्यांच्या शोरूममधली राउंड

सिस्टर पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात होत्या, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं अख्खा एक वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. इमारतीत सिस्टर, भाजीवाल्याकडे सिस्टर; आणि धाकट्या जावेने गळ घालून परदेशाच्या सहलीला नेलं, तर दुसऱ्याच दिवशी त्या बसमधल्या एकतीस जणांच्या सिस्टर झाल्या. कुणाचं पोट बिघडो नाहीतर टाच सोलवटो, सगळ्यांचे हात त्यांच्या पिशवीकडे.

जाऊ मात्र खरेदीलाच आली होती, आणि सहलवाल्यांनी तिची सोय चोख केली होती. कार्यक्रमात 'कारखान्यास भेट' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, दुकान आलं. चामड्याच्या कारखान्यात जावेला गुडघ्यापर्यंतचा कोट चढवून आरशासमोर इतकं गोल फिरवलं की तिने घेरी थांबावी म्हणून तो विकत घेतला. मधाच्या कारखान्यात मधमाशी औषधालासुद्धा नव्हती. रत्नांच्या कारखान्यात तर सगळे आत गेल्यावर दारच बंद झालं, आणि पाऊण तास उघडेना. शेवटी गटातल्या हेडमास्तरांनी चक्कर आल्याचं सोंग केलं, सिस्टरनी त्यांची नाडी धरून गंभीरपणे मान हलवली, तेव्हा कुठे दार उघडलं.

पाचव्या दिवशी गाद्यांचा कारखाना होता. त्या दिवशी पहाटे चारला उठवून सगळ्यांना सूर्योदय दाखवला होता, तोही ढगाआड. मग किल्ल्याच्या अडीचशे पायऱ्या. बारा वाजता मंडळी शोरूममध्ये शिरली तेव्हा पायांचे नुसते गोळे झाले होते. आणि समोर काय, तर थंडगार हवा आणि पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेले चाळीसेक पलंग!

विक्रेत्याने हातात माईक घेतला. तो जे बोले ते गाइड मराठीत सांगे. "बूट काढा, आडवे व्हा, आणि आपली पाठ काय म्हणते ते ऐका."

पाठीचं म्हणणं सगळ्यांना एकाच वेळी ऐकू आलं. विक्रेता स्प्रिंगांपर्यंत पोचला तोवर निम्मा गट घोरत होता. कापसापर्यंत आला तेव्हा तीसच्या तीस जण आणि जाऊ, सगळे ठार झोपलेले. बिचाऱ्याने माईकवर जोरात टाळी वाजवली.

"श्श्!"

सिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीतून कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. माईक त्याच्या हातातून काढून घेतला, बंद केला, दिवे निम्मे मालवले आणि पहिल्या पलंगापासून सुरुवात केली. पलंगाखाली बुटांचे जोड नीट लावले. नाकावरचे चष्मे काढून उशाशी ठेवले. हेडमास्तर करवतीसारखे घोरत होते, त्यांना खांद्याला धरून कुशीवर वळवलं; करवत थांबली. विक्रेता डोळे विस्फारून त्यांच्या मागे चवड्यांवर चालू लागला.

इथे औषधांचा वास नव्हता, सलाइनच्या बाटल्या नव्हत्या. पण खूप माणसं एकत्र झोपली की जो एक संथ आवाज भरून राहतो, तो अगदी तोच होता. आपल्याला त्याची इतकी आठवण येत असेल असं सिस्टरना वाटलंच नव्हतं. त्यांची पावलं आपोआप हलकी झाली.

गाइडच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो कुजबुजला, "सिस्टर, दीडला राजवाडा बंद होतो!"

"राजवाडा उद्यापण तिथेच असेल."

"अहो, पण आपण नसू ना!"

"मग त्यालाही कळेल कुणाची वाट बघणं काय असतं ते."

एवढ्यात जिन्यावरून टॉक टॉक करत मालकीणबाई तणतणत खाली आल्या. सिस्टरनी फक्त त्यांच्या उंच टाचांकडे बघितलं. मालकीणबाईंनी मुकाट्याने बूट काढून हातात घेतले.

दुकानाला पुढून मोठी काच होती. रस्त्यावरून जाणारा एकजण थांबला. मग दोघं, मग दहा. भरदिवसा इतकी माणसं इतकी सुखाने झोपलेली कुणी कधी बघितली नव्हती. एक जोडपं पाय न वाजवता आत आलं, सगळीकडे फिरलं, आणि हेडमास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत त्यांच्याच पलंगावर बोट ठेवून म्हणालं, हाच. विक्रेत्याने पलंगाच्या पायाला 'विकला' अशी लाल चिठ्ठी बांधली. हेडमास्तर झोपेत हसले. दोन वाजेपर्यंत माणसांसकट नऊ पलंग विकले गेले.

जाऊ जागी झाली, तर तिच्याही पलंगाला लाल चिठ्ठी! गाइडने तिला अर्थ सांगितला तशी ती ताडकन उठून बसली. "अहो ताई! मला कुणी विकत घेतलं?"

मग काय, एकेक जण उठून आपापल्या पलंगाची चिठ्ठी शोधू लागला. ज्यांचा पलंग विकला गेला नव्हता ते चक्क हिरमुसले.

मालकीणबाईंनी गाइडकरवी विचारलं, "या बाई रोज यायला काय पगार घेतील?"

"नोकरी पुरे झाली," सिस्टर म्हणाल्या. "पण त्यांना विचारा, मी पाच मिनिटं आडवी होऊ का?"

त्या आडव्या झाल्या. जावेने त्यांचा चष्मा काढला, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि करड्या आवाजात म्हणाली, "ताई, डोळे मिटा. राउंड चालू आहे."

एकतीस जण श्वास रोखून पलंगाभोवती उभे राहिले. सिस्टरनी डोळे घट्ट मिटले. ओठ दाबले. मागून कुणाच्या तरी नाकातून फुर्र झालं, आणि चादर पोटावर गदगदा हलायला लागली. सिस्टर उशीत तोंड खुपसून हसत होत्या, जाऊ पलंगाच्या कडेवर कोसळून हसत होती, मालकीणबाई बूट पोटाशी धरून हसत होत्या, आणि गाइड घड्याळाकडे एकदा बघून सरळ शेजारच्या गादीवर आडवा झाला.