कर्णिकांच्या काठीचं टोक

डॉ. कर्णिक गळाची काठी विकत घेत नसत, आधी तिची परीक्षा घेत आणि सहसा तिला नापास करत. इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी गळाच्या दुकानात ते शिरले की मालकाचं तोंड कडू होई. काठीची मूठ माझ्या हातात द्यायची, "डोळे मीट" म्हणायचं, आणि पलीकडे टोकाला नखाने हळूच टिचकी मारायची.

"कुठे कळलं?"

"मनगटात."

"कधी? पुढच्या आठवड्यात? ठेव ती. पडदे लावायला बरी आहे."

कर्णिक मूळचे रेवदंड्याचे, आमच्या हॉस्पिटलात सर्जन. मी तिथेच भूल देणारा, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. ऐंशीच्या दशकात दर रविवारी ते मला तलावावर नेत. एकाने होडी सावकाश वल्हवायची, दुसऱ्याने काठी मागे धरून बसायचं. आमिष पाण्यातून ओढलं जातं, आणि पर्च मासा लागला की पहिली बातमी टोकाला येते. टोक फार ताठ असलं तर बातमीच पोचत नाही, फार मऊ असलं तर ते नुसत्या पाण्याच्या ओढीनेही डुलतं. बाकीचे लोक काठी होडीच्या खोबणीत अडकवून निवांत सँडविच खात. कर्णिकांना ते बघवत नसे.

"टेकू लावून मासे धरतात लेकाचे! धरतात, फोटो काढतात, आणि परत सोडतात. रेवदंड्याला मी असं केलं असतं तर आईने मलाच पाण्यात सोडलं असतं."

तलावावरच्या मासेमारी क्लबचा नियम म्हणून तेही सोडत, पण शिव्या देत.

एकदा त्यांना न विचारता मी चकचकीत कार्बनची काठी घेतली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "नवरदेव देखणा आहे. कामाचं काय?" दिवसभर मला एकही मासा लागला नाही, आणि काठीच वाईट असेल असं मी चुकून बोललो. झालं! "नाचता येईना अंगण वाकडं! ऑपरेशन बिघडलं की मी चाकूला दोष देतो का रे?" पिनरला माझं घर येईपर्यंत गाडीत हाच विषय.

नव्वद साल उलटल्यावर एका सप्टेंबरात मी वल्हवत होतो. त्यांच्या काठीचं टोक लटलट हललं. "लागला!" म्हणून त्यांनी ओढलं, तर काही नाही. पुन्हा हललं, पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी मी वल्ही वर उचलली. होडी थांबली, वारा तर नव्हताच, आणि टोक हलतच होतं.

"टोक बिघडलंय," कर्णिक म्हणाले. "हल्लीचा माल भिकार."

त्यांनी काठीला दोष दिलेला मी पहिल्यांदा ऐकला. त्यांचा हात मी बघितला आणि बघितला नाही असं दाखवलं. मंगळवारी त्यांची दोन ऑपरेशनं होती, भूल मीच देणार होतो. मी डॉक्टर, आणि शेळपटासारखा गप्प बसलो. सोमवारी कॉरिडॉरमध्ये ते समोरून आले तेव्हाही हवापाण्याचं बोललो. आजही लाज वाटते.

सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात कर्णिक, हातात तीच काठी.

"डोळे मीट."

मी मूठ धरली. या वेळी टिचकी नव्हती. त्यांनी टोकावर नुसतं बोट ठेवलं.

"काय कळलं?"

"सर, आधी चहा घ्या ना."

"चहा गेला खड्ड्यात. उद्या टेबलावर पोट दुसऱ्याचं आहे, गाढवा. काय कळलं?"

"थरथर," मी म्हणालो.

"कुठे?"

"मनगटात."

"लगेच?"

"लगेच."

"म्हणजे टोक उत्तम आहे. उगाच शिव्या घातल्या बिचारीला."

आमच्या हॉलमधल्या फोनवरून त्यांनी मंगळवारची ऑपरेशनांची लिस्ट रद्द केली. त्यानंतर जिवंत असेपर्यंत त्यांनी चाकू हातात घेतला नाही. जाताना काठी माझ्या दाराशी टेकवली आणि कोटाची बटणं लावायला लागले. एक बटण काही लागेना. मी पुढे झालो तर माझा हात झटकला.

"तुला रविवारीच कळलं होतं ना?"

"हो, सर."

"कळूनही हलला नाहीस. तुझ्यापेक्षा ही काठी बरी."