गर्दीत एक्सलेटर पिळणारा

आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याची मोटारसायकल रेड्याएवढी आहे. यवतमाळच्या दत्त चौकात ती सायकलीपेक्षाही हळू चालते, म्हणून तो जागच्या जागी एक्सलेटर पिळत राहतो. पुढचा माणूस दचकला की तो आरशात पाहून मिशीवरून बोट फिरवतो.

परवा त्याच्या आग्रहाने मी मागे बसलो. पुढे एक म्हातारी पेरूंची हातगाडी ढकलत होती. त्याने तिच्या अगदी पाठीशी इंजिन गरजवलं. ती दचकली, हातगाडीचं चाक नालीत गेलं आणि पेरू रस्ताभर सांडले.

"उडून जातं काय रे बाबू?" ती ओरडली.

"बाजूले व्हाले काय होते तुले?" तो खेकसला.

मी उतरून पेरू वेचू लागलो.

"सर, काहून उतरले? बसा, उशीर होऊन राह्यला."

"तुम्ही जा!" माझा आवाज चढला होता.

वाट मिळताच तो खरंच गेला.

आज सकाळी फाटकाशी थांबून तो हसत म्हणाला, "चला सर, सोडून देतो."

"आणि त्या पेरूवालीचं काय?"

"कोन पेरूवाली?"

तो खोटं बोलत नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यामुळेच.