अप्पांनी माझ्या लेकीला रानात नेलं

माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, घरात फक्त जेवायला येत, तेही आईनं हाक मारल्यावर. हळ्ळीखेडला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं आणि गावाबाहेर थोडीशी काळी जमीन. शेतात काम नसलं की अप्पा रस्त्याच्या कामावर माती टाकायला जात. दिवसभर उन्हात राबून आलेला माणूस संध्याकाळी तरी बसेल म्हणावं, तर हातपाय धुतले, चहा घेतला की पुन्हा बाहेर.

"आता कामून चाललाव?" आई विचारायची.

"उगंच. बगून येतो."

काय बघून येतो ते त्यांना कधी सांगता आलं नाही. टिटवी आणि बगळा सोडले तर पाखरांची नावंही त्यांना येत नव्हती. बाकीची सगळी नुसती पाखरं. पण बांधावर बसून ती बघत राहायला त्यांना आवडायचं. झोपायला बारा महिने अंगणातली बाज. पाऊस आला तर बाज वळचणीला सरकायची, माणूस आत यायचा नाही.

लग्न होऊन मी गुलबर्ग्याला आले. पहिली मुलगी झाली ती उजवा पाय आत वळलेला घेऊन. महिनोन्‌महिने प्लास्टर, मग मधे पट्टी जोडलेले बूट. पाय हळूहळू सरळ झाला, पोटरी मात्र बारीकच राहिली. आता चालेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि ती भिंत धरून चालायलाही लागली. एका सकाळी ती घरातल्या शहाबादी फरशीवर तोंडावर आपटली. हनुवटी फुटली, टाके घालावे लागले. त्यानंतर ती उभीच राहीना. उभी केली की किंचाळायची आणि गळ्याला मिठी मारायची. घरभर बसून सरकायची.

त्या वर्षी दसरा झाल्यावर अप्पा आम्हाला न्यायला आले. नात सरकत सरकत त्यांच्यापाशी आली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं फरशी चाचपून बघितली.

"ही लई कडक हाय गं," ते मला म्हणाले. "लेकरू भ्यायलंय ते खोटं न्हाई. रानात नेऊ तिला."

गावाकडं ज्वारीच्या पेरणीसाठी रान कुळवून ठेवत होते. पाऊस पिऊन फुललेली काळी माती, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी सायकलच्या कॅरियरवर वाकळ घडी करून ठेवली. आई दारात आडवी आली.

"लेकराचा पाय तसा, आन्‌ तुमी तिला ढेकळात नेऊन सोडायलाव?"

"ढेकळं कुठं ऱ्हायलीत? मऊ झालंय समदं. पडली तर माती झेलतीय."

मी सायकलच्या मागं मागं चालत गेले.

शेजाऱ्यांच्या बैलांवर आमच्या रानात कुळव चालला होता आणि कुळवामागं बगळे. माती उलटली की किडे टिपायचे, पुन्हा चार पावलं पुढं. अप्पांनी नातीचे बूट काढले आणि तिला मातीत बसवलं. स्वतःही शेजारी बसले. चालायचं नावसुद्धा काढलं नाही. दोघं मुठीनं माती उपसत होती, एकमेकांच्या पायावर घालत होती. पहिले दोन दिवस एवढंच झालं. तिसऱ्या दिवशी ती त्यांचं बोट धरून उठली, पडली, आणि आपण रडायचं की नाही हे त्यांच्या तोंडाकडं बघून ठरवू लागली. अप्पा मुद्दाम तिच्या शेजारी धपकन पडले. ती इतकी हसली की बैल हाकणारा माणूस थांबून बघू लागला.

मग एक बगळा अगदी जवळ आला. तिनं अप्पांचं बोट सोडलं. एक पाऊल, दुसरं, पाय वाकडा पडत होता, ती लटपटत होती. मी बांधावरून धावणार, तेवढ्यात अप्पांनी माझ्याकडं न बघता हात वर केला.

"थांब, बाई. जाऊ दे तिला."

बगळा उडाला. ती मातीत पालथी पडली, उठली, आणि मागं वळून ओरडली, "अज्जा, गेला!"

"दुसरा हाय की! तिकडं बग!"

ती दुसऱ्याकडं निघाली. मी तिथंच बांधावर पदरात तोंड घालून बसले. अप्पा माझ्यापाशी आले नाहीत. मला मनसोक्त रडू दिलं त्यांनी.

आता ती आळंदला शाळेत शिकवते. जरा लंगडते, पण दिवसभर वर्गात उभी असते. तिला भेटायला गेले की अप्पा तिच्या खोलीत टेकत नसत. तिला घेऊन तुरीच्या रानांतून भटकून येत आणि आल्यावर दोघंही कुठं गेलो होतो ते सांगत नसत.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा दम वाढला. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात थोडे दिवस काढले. "मला भाइर ने," एवढंच ते नातीला म्हणत राहिले. शेवटी डॉक्टरांनीही घरी न्या म्हटलं. हळ्ळीखेडला अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकली. ते नीट श्वास घ्यायला लागले असं आम्हाला दोन दिवस वाटलं. एका सकाळी आई चहा घेऊन गेली, तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते आणि चेहरा शांत होता. ते गेलेले होते. नातीनं त्यांचे डोळे मिटले आणि ती बराच वेळ त्यांचा तळवा हातात धरून बसली.

आई आमच्याकडं यायला तयार झाली नाही. यंदा तिनं वाट्यानं तूर लावलीय. परवा सुट्टीत आम्ही दोघी गेलो, तर तिनं हिरव्या शेंगा मिठात उकडल्या. खाता खाता एकाएकी हसायला लागली.

"लगीन झालं तवा जत्रा दावतो म्हणून मला लांब माळावर नेलं तुज्या अज्जानं," ती नातीला म्हणाली. "नवं लुगडं नेसून गेलते मी. तितं ना पाळणा, ना दुकान. म्हणलं, कुठंय जत्रा? तर म्हणले, गप, बग की तिकडं. हरणं चरायलती."

"मग?" लेकीनं विचारलं.

"मग काय. बगितली," आई म्हणाली. "लई व्हती."