अंगठ्याआधी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार पनवेलच्या एका अर्जलेखक काकांचे. माझे कॉलेजचे सगळे अर्ज त्यांनी फुकट लिहून दिले. कचेरीबाहेरच्या टेबलावर कुणाचाही अंगठा घेण्याआधी ते "कान दे इकडं" म्हणत आणि अख्खा कागद वाचून दाखवत.

मी ज्या बिल्डरकडे नोकरी करतो, त्याच्या माणसाने एकदा आपटा गावच्या एका म्हातारीला काकांकडे आणलं.

"काका, कीर्तन नको. अंगठा घ्या."

काकांनी वाचलंच. "आये, यात जमीन इकली असं लिवलंय."

"नाय रं भावा, मी भाड्यानं देतंय!"

"मग अंगठा नको देऊ."

दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या माणसांनी काकांचं टेबल मोडलं. महिन्याने मी त्यांना पत्र पाठवलं:

"काका, तो कागद मीच तयार केला होता. काल म्हातारीने दुसरीकडे अंगठा दिला. तिला कुणी वाचून दाखवलं नाही. मी शेजारीच उभा होतो."