बिनपट्टीची ढाल

व्होक्रेच्या गढीत आन्सेल आला तो एका हिवाळ्यापुरता. निदान त्रुआहून निघताना इझाबोला त्याने तसंच सांगितलं होतं. इझाबो एका चांभाराची विधवा, जिभेची फटकळ, आणि बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर त्याच्याशी लग्नाला तयार झालेली. "सरदारांकडची माणसं वेळेवर परत आलेली मी पाहिली नाहीत," एवढंच ती म्हणाली आणि त्याच्या पडशीत चीज आणि पाव कोंबून दिला.

त्याचा बाप चर्चच्या खिडक्यांच्या काचा रंगवायचा. खिडकीच्या तळाशी देणगी देणाऱ्या सरदाराची ढाल काढायची असे, पण ढालीचं चित्र कुणी देत नसे. यायचं ते वर्णन, ढालींच्या खास भाषेत. त्या भाषेत निळ्याला निळा म्हणत नाहीत, आझ्यूर म्हणतात. लालला गल, काळ्याला साब्ल. आधी ढालीचा रंग सांगायचा, मग तिच्यावर काय आहे ते, आणि सगळ्यात शेवटी ती ढाल बापाची की मुलाची हे सांगणारी खूण. एक शब्द इकडचा तिकडे झाला की ढाल दुसऱ्याच घराण्याची. आन्सेल ती भाषा लहानपणीच शिकला, आणि बापाचं दुकान थोरल्या भावाकडे गेल्यावर त्याने तिच्यावरच पोट भरायचं ठरवलं. तो ढालवाचक झाला.

व्होक्रेचे धनी मेसीर ओब्री यांना तेव्हा दिसेनासं होत चाललं होतं. दुसऱ्या वर्षी तर पूर्ण अंधार झाला. उमेदीत त्यांनी पुष्कळ मैदानं गाजवलेली, आणि आता दिवसभर शेकोटीशी बसून त्यांना ढाली ऐकायच्या असत. आन्सेलने एकेका सरदाराची ढाल म्हणायची, मग तिचा साध्या भाषेत उलगडा करायचा, आणि म्हाताऱ्याने वाद घालायचा.

"सिनोप्ल म्हणजे हिरवा कुठून आणलास? माझ्या आज्याच्या पोथ्यांत सिनोप्ल म्हणजे लाल."

"तेव्हा लाल होता, धनी. आता सगळे हिरवा म्हणतात."

"शब्दानं असा रंग बदलला तर माणसांनी काय करायचं?"

आन्सेल रजा मागायचा तेव्हा धनी म्हणायचे, "सेंट मार्टिनचा सण होऊ दे." सण झाला की म्हणायचे, "ईस्टरनंतर बघू." रजेच्या पत्राशिवाय निघणं शक्य नव्हतं. ढालवाचकाला सगळ्यांची गुपितं ठाऊक असतात, म्हणून धन्याच्या पत्राविना फिरणारा ढालवाचक हेर समजला जायचा. गढीखाली दलदल, दलदलीपलीकडे नदी, नदीवर एकच पूल, आणि पुलावर दुसऱ्या सरदाराचे पहारेकरी.

मेसीर ओब्रींना एकच मुलगा होता, जोसराँ. डोळे जाऊ लागले तेव्हा तो बापाला म्हणाला होता की गढीचा कारभार आता माझ्याकडे द्या. बाप म्हणाला, "मी मेल्यावर." त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि मुलगा घोड्यावर बसून ड्यूकच्या चाकरीला निघून गेला. पुन्हा फिरकला नाही.

एका थंडीत ल्योनार नावाचा दुसऱ्या घरचा ढालवाचक मुक्कामाला आला. ड्यूकच्या मैदानात भाल्यांच्या झुंजी झाल्या होत्या, त्या बघून तो परतत होता. जेवण झाल्यावर धन्यांनी त्याला तिथल्या ढाली म्हणायला सांगितल्या. तो उभा राहिला आणि घडाघडा म्हणत गेला. आन्सेल शेजारी बसून उलगडा करत होता.

"जोसराँ द व्होक्रे," ल्योनार म्हणाला. "आझ्यूर, त्यावर सोन्याच्या तीन मर्लेत." आणि थांबला.

आन्सेल वाट बघत राहिला. व्होक्रेची ढाल म्हणजे निळ्यावर तीन सोनेरी पाखरं, बिनचोचीची, बिनपायांची. पण थोरला मुलगा बाप जिवंत असेपर्यंत ती ढाल जशीच्या तशी वापरत नाही. वरच्या अंगाला एक लाल पट्टी लावतो, खाली तीन दात असलेली, फणीसारखी. बाप गेला की पट्टी उतरते. ल्योनारने पट्टी म्हटली नव्हती. त्याने आन्सेलकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. तो विसरला नव्हता.

"बोल की," धनी आन्सेलला म्हणाले. "साध्या भाषेत सांग. कसा दिसत होता माझा मुलगा?"

ढालवाचकाची शपथ साधी असते. ढालीवर आहे ते सांगायचं, नाही ते सांगायचं नाही. आन्सेलने म्हाताऱ्याच्या पुढे झुकलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "निळी ढाल, धनी. तीन सोनेरी पाखरं. आणि वर लाल पट्टी, तीन दातांची."

धनी शेकोटीकडे वळून बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी आहे हे तो धरून चाललाय."

त्या दिवसापासून म्हातारा बदलला. पोटभर जेवू लागला, नोकरांची थट्टा करू लागला. आणि आठवडाभराने त्यांनी आन्सेलच्या हातात मोहोर उमटवलेलं रजेचं पत्र दिलं. "तू मला चांगली बातमी वाचून दाखवलीस. जा तुझ्या बाईकडे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते पत्र हातात होतं, आणि आन्सेलला पाय उचलता येईना. आता पुढच्या येणाऱ्या ढालवाचकाने खरी ढाल म्हटली तर? तो जाऊन दारावर बसू लागला. कुणी पाहुणा आला की आधी त्याला गाठायचं, तो ढाली जाणणारा आहे का ते काढून घ्यायचं, आणि जाणणारा असला तर धन्यांना झोप लागलीय म्हणून परस्पर वाटेला लावायचं.

स्वयंपाकघरातल्या पेरनेलला हे कळेना. "पत्र मिळालं तरी तू इथेच," ती वाटाणे सोलता सोलता म्हणाली. "माझं सूप इतकं आवडत असेल असं वाटलं नव्हतं."

"रस्ते खराब आहेत."

"रस्ते उन्हाळ्यात खराब होत नसतात, बाबा."

पुढच्या वसंतात धन्यांनी पालखी सज्ज करायला सांगितली. पेंटेकोस्टच्या सणाला ड्यूककडे पुन्हा झुंजी होत्या. मुलाला भेटायला जायचं होतं, सगळ्यांच्या देखत मिठी मारायची होती. आन्सेल दोन दिवस पालखीभोवती घोटाळत राहिला. भर मैदानात, जिथे मुलाने बापाला मेलेला ठरवलंय तिथे, हा आंधळा माणूस पालखीतून उतरणार होता.

"जाऊ नका, धनी," तो शेवटी म्हणाला.

"का? पूल पडलाय?"

"ल्योनारनं पट्टी म्हटली नव्हती. ती मी घातली."

धन्यांच्या हातात पावाचा तुकडा होता. ते तो चुरत राहिले. "त्यानं म्हटलं तसं म्हण."

आन्सेलने म्हटलं.

"आणि तिथे थांबला?"

"तिथेच थांबला."

"मला हे सोसणार नाही असं तू कशावरून ठरवलंस?"

"मला सोसलं नाही, धनी."

धन्यांनी हात पुढे केला. "पत्र आण." आन्सेलने आणून दिलं. त्यांनी ते चाचपलं, मोहोर अंगठ्याने ओळखली आणि शेकोटीत टाकलं. "उद्यापासून जेवायच्या आधी जोसराँची ढाल म्हणायची. पट्टीसकट."

"पण आता तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे ते माझ्यापाशी. तू म्हण."

तेव्हापासून तो म्हणू लागला. पहिल्यांदा खोटं निघालं होतं ते दया येऊन, आता ते कामच झालं. रोज पानावर बसण्याआधी निळी ढाल, तीन पाखरं, लाल पट्टी. धनी मान हलवायचे आणि मगच पावाला हात लावायचे. आन्सेलला आपलीच जीभ परक्याची वाटू लागली. एकदा न राहवून तो पत्राविनाच निघाला. पुलावर पहारेकऱ्यांनी विचारलं, "कुणाचा माणूस?" त्याने पडशी उघडून दाखवली, पत्र तिच्यात नव्हतंच. त्यांनी त्याला डुकरांच्या खोपटात कोंडलं आणि दुसऱ्या दिवशी दोरीने बांधून गढीवर आणून सोडलं. धनी रागावले नाहीत. "जेवायची वेळ झालीय," ते म्हणाले. "म्हण." अंगाला डुकरांचा वास येत असताना त्याने म्हटलं.

कितीतरी वर्षांनी, द्राक्षं काढायच्या दिवसांत, मेसीर ओब्री तापाने गेले. जोसराँ आला. तोही आता पोक्त दिसत होता, एका पायाने लंगडत होता. सारं आटोपल्यावर त्याने आन्सेलला बोलावलं.

"बाबा माझं नाव काढायचे?"

"रोज, धनी. जेवायच्या आधी."

 जोसराँ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मग कारकुनाला रजेचं पत्र लिहायला सांगितलं.

त्रुआत इझाबोने खोगीर करणाऱ्याशी लग्न केलं होतं, तिला मोठाली मुलं होती. तिने आन्सेलला दारातच उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एक निरोप पाठवायला काय झालं होतं?"

"काय लिहिलं असतं?"

"येत नाही, एवढंच. मी वाट बघणं लवकर सोडलं असतं." मग बाजूला सरून तिने त्याला आत घेतलं, कारण बाहेर पाऊस होता आणि त्याच्या पायात धड बूट नव्हते. नवऱ्यानेही जागा करून दिली.

भावाच्या दुकानात पुतण्याने त्याला रंग घोटायच्या कामावर ठेवलं. खिडकीसाठी ढालीचं वर्णन आलं की पुतण्या ते समोर धरायचा, "काका, हे जरा सांगा." आन्सेल मान हलवायचा. हात रंगांनी भरलेत, दुसऱ्याला विचार, म्हणायचा. शेवटी पुतण्यानेही विचारणं सोडून दिलं.